सर्वांसाठी उघडलेले वसतिगृह

पाचगणीचे नाव घेताच निवासी शाळांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन यांनी हे थंड हवेचे ठिकाण वसविले. १८९५ साली सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, तर १९२२ साली संजीवन विद्यालय सुरू झाले. पाल्यास शिस्तीत ठेवून शिकविण्याची उत्तम सोय झाली खरी. परंतु ती ज्यांना शुल्क परवडे त्यांचीच. डोंगराखालच्या गरीब मुलाने कोठे जावे, या प्रश्नाचे उत्तर याच सातारा जिल्ह्यात एका जैन गृहस्थाने दिले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात ते जैन वसतिगृहात राहून शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठी उभारलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. हा प्रसंग आपण झाकून ठेवू नये. करुणादानात घेणाऱ्याची जात पाहावयाची नसते, हे त्या विद्यार्थ्यास अधिक उमगले होते.

पुढे ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. खेड्यांतील अज्ञान त्यांनी पुस्तकातून नव्हे, फिरतीवर पाहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एका पंक्तीत जेवत.

या पंक्तीचा खर्च कोणी सोसला? सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळले. धान्य संपले तेव्हा अंगावरील दागिने गेले, अखेरीस मंगळसूत्रही गेले. व्यापाऱ्याच्या खतावणीत असा व्यवहार निव्वळ तोट्याचाच दिसेल. १९३० साली त्या निवर्तल्या; संस्थेचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ योजनेखाली मुले शेतात राबत, इमारतींसाठी दगडमाती वाहत आणि त्याच इमारतींत शिकत.