कॅरिबियन मोटेल, वाइल्डवुड क्रेस्ट

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील दुमजली मोटेल. बांधकाम १९५७, रचना लू मोरी यांची. त्याच दशकात गार्डन स्टेट पार्कवे हा महामार्ग केप मेपर्यंत पोहोचला आणि मध्यमवर्गीय कुटुंबे स्वतःची गाडी काढून सुट्टीला वाइल्डवुडच्या किनाऱ्यावर येऊ लागली. त्यांच्यासाठी निऑन पाट्यांची, भडक रंगांची शेकडो मोटेले उभी राहिली. ‘डू-वॉप’ शैली म्हणतात ती हीच.

कॅरिबियनमध्ये ही शैली पुरेपूर दिसते. चंद्रकोरीच्या आकाराचा तलाव, वरच्या मजल्याकडे वळत जाणारा अधांतरी भासणारा उतार, बाहेर झुकलेल्या काचांच्या भिंती. अंगणातले माड मात्र प्लॅस्टिकचे, कारण इथला हिवाळा खऱ्या माडांना सोसत नाही. विमानप्रवास परवडत नसलेल्यांना उष्ण कटिबंधाचा आनंद देणारी ही युक्ती खरोखर कौतुकास्पद आहे.

१९९७ मध्ये वास्तुविशारद स्टीव्हन आयझेनूर यांनी विद्यार्थ्यांसह वाइल्डवुडच्या या डू-वॉप वास्तूंचा अभ्यास सुरू केला. त्याच वर्षी डू-वॉप जतन संघटनाही स्थापन झाली. तरीही जमिनीचे भाव चढताच मोटेले पाडून सदनिका बांधण्याचा सपाटा सुरू झाला. २००४ मध्ये याच शैलीतले सॅटेलाइट मोटेल पाडले गेले, हे नुकसान भरून न येणारे.

कॅरिबियन वाचले, ते जुनेपण जपू पाहणाऱ्या नव्या मालकांमुळे. २००५ मध्ये त्याची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत नोंद झाली. अशा नोंदीने खासगी मालकाला पाडकामाची बंदी होत नाही. मोटेल टिकते ते खोल्या भरल्या तरच.