कल्पनेवरचा खोटा आळ

नागपूरहून अमरावती मार्गाने निघालं की वाडी लागते. ट्रान्सपोर्टची गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि कितीतरी बंपरांना लोंबणारी लिंबू-मिरची. तिच्याकडे बोट दाखवून विवेकवादी मंडळी म्हणतात : कल्पनाशक्ती मोकाट सोडली की असं होतं, मुलांना पऱ्या-राक्षसांच्या गोष्टी सांगू नका, निरीक्षण आणि पुरावा तेवढा शिकवा. श्याम मानवांनी १९८२ साली अंधश्रद्धा निर्मूलनाची समिती उभारली ती याच नागपुरात. त्या चळवळीचं मोल मी मानतो. पण हे निदान मला मान्य नाही.

लिंबू-मिरचीत कल्पना आहेच कुठे? शनिवारी जुनी फेकायची, नवी टांगायची. ‘नाहीच टांगली तर?’ हा प्रश्न टांगणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. हा कल्पनेचा अतिरेक म्हणायचा की दुष्काळ?

आता विज्ञानाकडे या. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर पडते, हे ॲरिस्टॉटलचं मत जवळजवळ दोन हजार वर्षं चाललं. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात त्याची जी दशा केली, ती केवळ मनातल्या मनात. मोठ्या धोंड्याला लहान धोंडा बांधा. लहानगा रेंगाळणार आणि मोठ्याला मागे खेचणार, म्हणजे जोडी एकट्या मोठ्या धोंड्यापेक्षा सावकाश पडणार. पण जोडीचं वजन तर त्याच्याहून जास्त, म्हणजे ती लवकर पडायला हवी! एकाच मतातून दोन उलटे निष्कर्ष निघाले आणि एकही धोंडा जागचा न हलवता मत निकालात निघालं. उतरत्या फळीवर गोळे सोडून मोजमाप त्याने केलंच. पण काय मोजायचं ते आधी सुचावं लागतं.

कल्पना फसवते, हा आक्षेप खरा आहे. पुराणातलं विमान खरोखर उडालं होतं असं छातीठोक सांगणारे आपल्यात आहेतच. पण गोष्टीला इतिहास समजणारा आणि गोष्टच नको म्हणणारा, दोघांनाही गोष्ट वाचता येत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना ती वाचता येत होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. याच कथालेखकाने २००८ साली नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासोबत फलज्योतिषाची परीक्षा घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिष पोकळ असेल तर उत्तरं कशी येतील, याचं चित्र आधीच डोळ्यांपुढे होतं : नाणं उडवल्यासारखी, निम्मी बरोबर. मग २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातलं ते सांगितलं.

त्यांची सरासरी ४६ टक्के भरली.