मोकळ्या सोडलेल्या ३२ केबीची गोष्ट

उबंटूची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली, तर त्यावरून मशीन बूट होत नाही. ‘डीडी’ कमांडने जशीच्या तशी उतरवली, की होतं. असं का?

१९९३ साली स्लॅकवेअर लिनक्स फ्लॉपींच्या गठ्ठ्यातून टाकावं लागायचं. पुढे सीडी आल्या. सीडीसाठी १९८८ मध्ये ठरलेल्या आयएसओ ९६६० मानकात सुरुवातीचे ३२ केबी मोकळे ठेवले होते. पेनड्राइव्हवरून बूट करताना जुनं बायोस मात्र पहिलाच सेक्टर वाचतं. सिसलिनक्सच्या ‘आयसोहायब्रिड’ने त्या मोकळ्या जागेत हार्डडिस्कसारखा बूट कोड बसवला आणि एकच फाइल दोन्हीकडे चालू लागली.

फक्त एक लक्षात ठेवा: डीडी काही विचारत बसत नाही. डिस्कचं नाव चुकलं, तर थीसिसचा डेटा गेलाच! आधी ‘एलएसबीएलके’ चालवा, नाव आणि साइज दोनदा बघा.