निरागसतेचा नकार : केर्तेस यांच्या कादंबरीतील बालनिवेदक

‘आगस्’ म्हणजे अपराध. तो ज्याच्या ठायी नाही तो निरागस. मराठी समीक्षेत मात्र हा शब्द बहुतेक वेळा ‘अजाण’ या अर्थाने वापरला जातो आणि मुलाच्या दृष्टीतून सांगितलेल्या कादंबऱ्यांची चर्चा त्याच्यापाशीच येऊन थांबते. एरवी हा सैलपणा खपून जातो. वंशसंहाराविषयीच्या कादंबरीत तो खपत नाही. कारण मुलाला काय ठाऊक होते आणि घडलेल्या गोष्टीशी त्याचा संबंध कोणता, हे तेथे दोन स्वतंत्र प्रश्न असतात. हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस (१९२९-२०१६) यांची ‘शोर्शतलनशाग’, म्हणजे ‘नियतिहीनता’, ही १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी या दोहोंतील अंतरावरच उभी आहे.

जर्मन सैन्याने १९ मार्च १९४४ रोजी हंगेरी व्यापली. ५ एप्रिलपासून ज्यूंना पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. १५ मे ते ९ जुलै या अवघ्या आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० ज्यूंना देशाबाहेर नेण्यात आले, त्यांपैकी बहुतेकांना ऑशविट्झला. ही माणसे प्रामुख्याने हंगेरीच्या इतर भागांतील होती. बुडापेस्ट शहरातील बहुसंख्य ज्यू या लाटेतून तूर्त वाचले. पण शहराच्या हद्दीबाहेर कामाला जाणारी काही मुले वाटेतच पकडली गेली. चौदा वर्षांचे केर्तेस त्यांपैकी एक, आणि त्यांचा निवेदक ग्यॉर्गी क्योवेशही त्यांपैकीच.

क्योवेश जे पाहतो त्याला तो ‘स्वाभाविकपणे’ हा शब्द जोडत जातो. ‘तेर्मेसेतेशेन’ हे त्याचे हंगेरियन रूप कादंबरीभर पुन:पुन्हा येते. वडिलांना श्रमसेवेला बोलावणे येते, पोलीस बसमधून मुलांना उतरवून घेतो, गाडीत पाणी नसते. प्रत्येक गोष्टीला त्याच्यापाशी काहीतरी समंजस कारण तयार असते. ऑशविट्झच्या फलाटावर पट्टेरी कपड्यांतील कैदी दिसतात, तेव्हा ते गुन्हेगार असावेत असे त्याला वाटते. कामास योग्य आणि अयोग्य अशी निवड करणारा डॉक्टर त्याला विश्वासार्ह वाटतो. इतका, की थोड्याच वेळात तो रांगेतील इतरांकडे त्या डॉक्टरच्याच नजरेने पाहू लागतो आणि कोण चालेल, कोण चालणार नाही, हे मनाशी ठरवू लागतो. कादंबरीतील सर्वांत भयंकर जागा हीच. येथे कोणी मारले जात नाही, रक्त दिसत नाही. फक्त एका शहाण्या, आज्ञाधारक मुलाने व्यवस्थेचे तर्कशास्त्र आत्मसात केलेले असते. अजाणपण येथे ढाल ठरत नाही, शिरकावाची वाट ठरते.

यासाठीच केर्तेस यांनी कालक्रम कोठेही मोडलेला नाही. फलाटावरील ती मिनिटे आठवणीत गाळली जातात, परंतु जगताना ती एकेक करून पार करावी लागतात, अशी त्यांची धारणा होती. निवेदकाला पुढचे ठाऊक नाही, वाचकाला मात्र ठाऊक आहे. या तफावतीतून करुणा उत्पन्न करणे सोपे होते. केर्तेस ती सवलत घेत नाहीत.

जॉन बॉइन यांच्या २००६ मधील ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ या लोकप्रिय कादंबरीशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथे छावणीप्रमुखाचा नऊ वर्षांचा मुलगा छावणीशेजारी राहूनही काहीच जाणत नाही. त्याचे अज्ञान इंग्रजी शब्दांवरील कोट्यांवर पोसलेले आहे. (त्या जर्मन बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी संभवतच नाहीत, ही बाब वेगळीच.) शिवाय ऑशविट्झमध्ये आणलेल्या लहान मुलांपैकी बहुतेकांना पोहोचताच ठार मारले जात असे, कुंपणाशी बसून मैत्री करण्याइतका अवकाश त्यांना मिळतच नव्हता. इतिहास शिकणाऱ्यांनी व शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे, असे ऑशविट्झ स्मारक संग्रहालयाने २०२० मध्ये सुचवले, ते अकारण नव्हते.

केर्तेस यांचा मुलगा परततो तेव्हा जुने शेजारी त्याला सारे विसरून जाण्याचा सल्ला देतात. तो उत्तरतो की, हे सारे नुसते ‘आले’ नाही; आपणही पावलापावलाने त्याच्यासोबत चालत गेलो. म्हणजे आम्ही बळीच आता दोषी काय, असे म्हणून एक वृद्ध संतापतो. मुलाचा रोख दोषारोपाचा नाही. आपण केवळ निरपराध होतो, एवढेच सांगून आपले जगणे आपल्यापासून काढून घेतले जावे, हे त्याला गिळवत नाही. फॅसिझमविरोधी वीरगाथांना सरावलेल्या तत्कालीन हंगेरीत हा सूर परका वाटला, यात नवल नाही. तेरा वर्षे लिहिलेले हस्तलिखित पहिल्या प्रकाशनसंस्थेने नाकारले. छापून आल्यावरही पुस्तकाची फारशी दखल घेतली गेली नाही. नोबेल मिळाले ते २००२ मध्ये.

त्या वेळच्या व्याख्यानात केर्तेस यांनी बुखेनवाल्ड स्मारकाकडून आलेल्या एका कागदाचा उल्लेख केला. १८ फेब्रुवारी १९४५ च्या त्या दैनिक अहवालात मृतांमध्ये कैदी क्रमांक ६४९२१ इम्रे केर्तेस, कारखान्यातील कामगार, जन्म १९२७, अशी नोंद आहे. जन्मवर्ष आणि व्यवसाय दोन्ही खोटे, आणि दोन्ही त्यांनीच सांगितलेले : मुलांच्या गटात टाकले जाऊ नये म्हणून वय दोन वर्षांनी वाढवलेले, आणि उपयुक्त दिसावे म्हणून विद्यार्थ्याचा कामगार केलेला.