तळ्याच्या पोटातला रेसकोर्स

डोंगरात वसलेल्या गावाला सपाट जमीन मिळते ती पाण्याच्या कृपेने. ओढे वर्षानुवर्षं गाळ आणून टाकतात, दरीचा तळ भरत जातो आणि चढउतारांच्या मुलखात तेवढाच एक तुकडा समतल होतो. निलगिरीतल्या उटीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, असा तुकडा गावाच्या ऐन मध्यात, बसस्थानकाजवळ आहे. २०२४ सालापर्यंत त्यावर घोड्यांच्या शर्यती होत होत्या. या रेसकोर्सची कुळकथा सांगायची तर घोड्यांच्या आधी पाण्यापासून सुरुवात करावी लागते.

इंग्रज येण्यापूर्वी या दऱ्याखोऱ्यांत तोडा लोकांच्या म्हशी चरत. अर्धगोल छपरांच्या त्यांच्या घरांची छोटी वस्ती म्हणजे मंड. अशी मंडं आजही उटीच्या आसपास आहेत. कोइम्बतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये या डोंगरावर आला आणि इथल्या थंड हवेने भारावून गेला. त्याने इथे घर बांधलं, बटाटा आणि इतर युरोपीय भाज्यांची लागवड सुरू केली आणि १८२३ ते १८२५ या काळात ओढ्यांचं पाणी अडवून तळं करवलं. उटीला जाणारा प्रत्येक मराठी प्रवासी ज्यात होडी फिरवून येतो, तेच हे तळं.

मात्र आज दिसतं ते मूळ तळ्याचं उरलेलं अंग आहे. सलिव्हनचं तळं बरंच लांब, थेट गावात शिरलेलं होतं. चहूबाजूंच्या उतारांवरची माती पावसाबरोबर त्यात येत राहिली. गाव वाढलं तसं सांडपाणीही आलं. वरच्या टोकाला पाणी उथळ झालं, दलदल माजली. ती भरून, कोरडी करून जमीन काढली गेली. आजचं बसस्थानक, तळ्याकाठची बाग आणि रेसकोर्स हे सगळं जुन्या तळ्याच्या पोटात उभं आहे.

मिळालेल्या जमिनीवर घोडेच का आले, याचं उत्तर मद्रासच्या उन्हाळ्यात आहे. मद्रासच्या गिंडी भागात १७७७ पासून शर्यतींची परंपरा सांगितली जाते. पण एप्रिल-मेच्या उकाड्यात तिथे घोडे पळवणं जिकिरीचं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासचा गव्हर्नर आणि त्याचं सचिवालय उन्हाळ्यात उटीला मुक्कामाला येऊ लागलं. त्यांच्यामागे लष्करी अधिकारी, मळेवाले, संस्थानिक आले. घोडे आणि घोड्यांवर पैसे लावणारे, दोघेही डोंगरावर आले. उटीच्या शर्यतींची सुरुवात १८८६ ची मानली जाते. मुंबई-पुण्याच्या रेसवाल्यांना हे गणित नवीन नाही. मुंबईचा हंगाम हिवाळ्यातला, पुण्याचा पावसाळ्यातला. तसा मद्रासचा उन्हाळा उटीत जाई. आणि महालक्ष्मीचा रेसकोर्स तरी कुठे वेगळा? तोही १८८३ मध्ये दलदलीच्या सखल जमिनीवरच आकाराला आला. घोड्याला लांब, मोकळी सपाटी लागते. ती बांधकामाला गैरसोयीच्या ओल्या जमिनीवरच शिल्लक असते.

उटीची धाव सुमारे २.४ किलोमीटरची. निलगिरीची रेल्वे उटीपर्यंत पोहोचली १९०८ मध्ये. त्याआधी दोन दशकं इथे शर्यती चालू होत्या, म्हणजे तेव्हा घोड्यांना घाटरस्त्यानेच उटी गाठावी लागे. वर आल्यावरही लगेच पळवणं शहाणपणाचं नसे. या उंचीवर हवा विरळ. मैदानी मुलखातला घोडा इथे लवकर धापा टाकतो. त्याला आधी हवा अंगवळणी पडू द्यावी लागते. एप्रिल ते जून ट्रेनर, जॉकी, सईस, नालबंद असा सगळा गोतावळा गावात उतरे. निलगिरी डर्बी ही या हंगामातली मानाची शर्यत. मैदान दरीच्या तळाशी असल्याने भोवतालच्या चढावरच्या रस्त्यांवरूनही ते सहज नजरेत येई. तिकीट न काढणाऱ्यालाही घोड्यांची दौड पाहता येई.

शर्यतींवर संकट प्रथम कायद्याचं आलं. तमिळनाडू सरकारने १९७४ मध्ये कायदा करून घोड्यांच्या शर्यतींवरचा जुगार बंद करायचं ठरवलं. घरं उद्ध्वस्त करणारं व्यसन म्हणून सरकारने त्याकडे पाहिलं, आणि त्या काळजीत तथ्य होतंच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची पैदास, तालीम आणि जॉकीचं कसब यांवर तो ठरतो. देशभरच्या रेसकोर्सांना या निकालाचा आधार मिळाला.

उटीचा रेसकोर्स संपला तो जमिनीच्या हिशेबाने. जमीन सरकारची, शर्यती भरवणारा मद्रास रेस क्लब. भाडेपट्टा १९७८ मध्येच संपला होता आणि पुढे भाड्याच्या थकबाकीचा वाद वाढत गेला. सरकारच्या हिशेबाने ती ८२२ कोटी रुपयांवर पोहोचली. जुलै २०२४ मध्ये महसूल खात्याने सुमारे ५२ एकरांचं हे मैदान सील करून ताब्यात घेतलं. तिथे इको पार्क करण्याचा निर्णय झाला.

एवढ्या मोक्याच्या जागी ५२ एकर जमीन शतकाहून अधिक काळ इमारतींपासून वाचली, ती तिथे शर्यती होत्या म्हणून. साहेबांच्या शौकाने असली, तरी ही राखण गावाच्या कामी आली. कोडप्पमंडचा ओढा गावाचं पाणी घेऊन याच सखल पट्ट्यातून तळ्याकडे जातो. जोराच्या पावसात त्या पाण्याला पसरायला मोकळी जागा हवी असते. हंगामात हजारो गाड्या या गावात येतात आणि मोकळी जागा दिसली की पार्किंगची मागणी होते. ती मान्य करत गेलं, तर उद्यान नावापुरतं उरेल आणि पावसाचं पाणी लोकांच्या घरात शिरेल.

म्हणून या जमिनीचा पुढचा आराखडा तिची कुळकथा वाचून व्हावा. सिमेंट कमीत कमी, ओढ्याचं पात्र स्वच्छ आणि रुंद, पाणी मुरेल अशी गवताळ, पाणथळ जागा भरपूर. शर्यतीची जुनी धाव पायी फिरायची वाट म्हणून राखता येईल, आणि घोड्यांच्या इतिहासाबरोबर त्याआधीच्या तळ्याचा आणि तोडांच्या कुरणाचा इतिहासही तिथे फलकांवर लिहिता येईल. घोडे गेले याची हळहळ रेसवाल्यांना वाटणं साहजिक आहे. पण या मैदानाचा सर्वांत जुना धनी पाणी आहे, आणि त्याचा हक्क आता तरी मान्य व्हायला हवा.