बास्केटबॉलपटूंची उमेदीची वर्षे



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावर अमेरिकेतील बास्केटबॉलविषयी बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटेल. माझे शालेय शिक्षण सातवीतच थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात. तेथे या खेळाचा इतिहास वाचताना मला माझा रोजचाच प्रश्न भेटला. अंगाच्या बळावर जगणाऱ्या माणसाची उमेदीची वर्षे किती, ती कोणाच्या कामी येतात, आणि ती सरल्यावर त्याचे पुढे काय?

प्रथम खेळाची थोडी ओळख करून देतो. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात तरुणांना छपराखाली खेळता यावे म्हणून तो काढला. उंच टांगलेल्या टोपलीत चेंडू टाकावयाचा, एवढेच त्याचे मर्म. पुढे तो धंदेवाईक झाला. आज तेथील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळतो आणि त्यानंतर बाद फेरीच्या मालिका सुरू होतात. सातांपैकी चार सामने जो आधी जिंकेल तो पुढे जातो. हंगामात एखादा सामना हरला तर उद्या दुसरा असतो. मालिकेत मात्र समोर तोच प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा येतो, तुमचे दुखरे अंग ओळखतो आणि नेमका तेथेच घाव घालतो.

हा ताण बिल रसेलइतका कोणी पेलला नाही. बोस्टनच्या संघाकडून तो १९५६ ते १९६९ असे तेरा हंगाम खेळला आणि त्यांत अकरा विजेतेपदे त्याच्या संघाने मिळविली. मालिकेचा सातवा, निर्णायक सामना तो दहा वेळा खेळला आणि दहाही वेळा जिंकला. पण मोठ्या सामन्यापूर्वी याच माणसाला उलट्या होत असत. प्रेक्षक विजय मोजीत होते. शरीर आपला जमाखर्च निराळा मांडीत होते. पस्तिसाव्या वर्षी रसेलने खेळ सोडला.

त्याचा शेवटचा सामना ५ मे १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. यजमान लेकर्स संघाच्या मालकाने विजयोत्सवासाठी छताला जाळ्यांत फुगे बांधून ठेवले होते. त्या संघाच्या जेरी वेस्टने दुखऱ्या मांडीने ४२ गुण केले, तरी बोस्टनने १०८ विरुद्ध १०६ असा सामना जिंकला. फुगे छतालाच राहिले. अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पारितोषिक त्याच वर्षी प्रथम देण्यात आले आणि ते हरलेल्या वेस्टला मिळाले. पराभूत संघातील खेळाडूला ते त्यानंतर कधीही मिळालेले नाही. ताणाखाली जो हरला तो कच्चा, असे म्हणणाऱ्यांनी वेस्टची आठवण ठेवावी.

वेस्टचा सोबती एल्जिन बेलर याची कथा अधिक बोलकी आहे. १९६१-६२ च्या हंगामात तो सैन्यात नोकरीवर होता आणि रजा मिळेल तसा येऊन खेळत होता. तशा स्थितीत एप्रिल १९६२ मध्ये बोस्टन येथे अंतिम मालिकेच्या एका सामन्यात त्याने ६१ गुण केले. हा विक्रम अद्याप मोडलेला नाही. पुढे ३ एप्रिल १९६५ रोजी बाद फेरीच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. तो परतला, चांगला खेळलाही, पण पूर्वीची झेप परत आली नाही. त्याच्या काळात संघ आठ वेळा अंतिम मालिकेत पोहोचला आणि आठही वेळा हरला. १९७१ च्या हंगामात नऊ सामने खेळून तो थांबला. लगेच पुढच्या सामन्यापासून त्याच संघाने लागोपाठ ३३ विजय मिळविले आणि १९७२ चे विजेतेपदही पटकाविले.

आता मी माझ्या विषयावर येतो. बोस्टनच्या बॉब कूझीने १९५४ मध्ये खेळाडूंची संघटना उभारण्यास आरंभ केला. दहा वर्षे मालकांनी आश्वासनांवर दिवस काढले. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टन येथे निवडक खेळाडूंचा मानाचा सामना होता आणि तो दूरचित्रवाणीवर दाखविला जाणार होता. टॉम हाइन्सन हा संघटनेचा अध्यक्ष होता. रसेल, बेलर, वेस्ट, ऑस्कर रॉबर्टसन असे वीस नामांकित खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले. निवृत्तिवेतनाचा शब्द मिळाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. लेकर्सच्या मालकाने बेलर व वेस्ट यांना धमकीचा निरोप पाठविला. त्याने निश्चय ढळण्याऐवजी अधिकच घट्ट झाला. सामन्याची वेळ टळू लागली, तेव्हा असोसिएशनचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि मगच खेळ सुरू झाला.

यातील मर्म ध्यानी घ्यावे. ज्याचा भर ओसरला त्याला सौदा करता येत नाही. ज्याला सौदा करता येतो त्या भरातल्या माणसाला आपले गुडघे लोखंडाचे वाटतात. हमालांच्या सभांत मी हे पाहिले आहे. पंचविशीतला गडी फंडाची वर्गणी म्हटली की हसून उठतो, आणि पंचेचाळिशीत तोच कंबर धरून कचेरीच्या पायरीवर बसतो. त्या वीस जणांनी भरात असतानाच उतरणीचा विचार केला, म्हणून त्यांचे मला मोल वाटते.

लढा निर्दोष होता असे नाही. १९६५ पूर्वी ज्यांनी खेळ सोडला त्यांना त्या योजनेतून वगळले होते. पाया घालणारा कूझी १९६३ मध्येच बोस्टनचा संघ सोडून गेला होता! या जुन्या मंडळींना १९८८ च्या करारापर्यंत वाट पाहावी लागली, आणि तेव्हाही किमान पाच वर्षे खेळलेल्यांनाच लाभ मिळाला. खेळाडूला एकाच मालकाशी जखडून ठेवणाऱ्या कलमाविरुद्ध रॉबर्टसनने १९७० मध्ये दावा लावला. १९७६ च्या तडजोडीने ती बेडी सैल झाली.

पुढे उमेदीची वर्षे लांबली. योगासने करणारा करीम अब्दुल-जब्बार वीस हंगाम खेळला. १९८५ च्या अंतिम मालिकेचा पहिला सामना त्याचा संघ ३४ गुणांनी हरला. पुढच्याच सामन्यात अडतीस वर्षांच्या करीमने ३० गुण केले आणि अखेर मालिकेतील सर्वोत्कृष्ट ठरला. त्याचा एकूण गुणांचा विक्रम २०२३ मध्ये लेब्रॉन जेम्सने मोडला आणि वयाच्या चाळिशीत त्याने आपला बाविसावा हंगामही पुरा केला.

परंतु ताण हटलेला नाही. जून २०१९ मध्ये केव्हिन ड्युरँट पोटरी दुखावलेली असताना अंतिम मालिकेत उतरला आणि त्याच्या टाचेची शीर तुटली. बेलरच्या आणि त्याच्या दुखापतीत चोपन्न वर्षांचे अंतर आहे. फरक पडला तो पुढे. ड्युरँटला त्याच उन्हाळ्यात नवा करार मिळाला. तो पुढचा सबंध हंगाम एकही सामना न खेळता पगारावर राहिला, बरा झाला आणि पुन्हा अव्वल दर्जाचा खेळ खेळू लागला. वैद्यकशास्त्र पुढे गेले हे खरेच. पण बरे होईपर्यंत निश्चिंत बसता येणे ही मात्र संघटनेची कमाई आहे.

थोर खेळाडूंची ही गोष्ट झाली. बहुतेकांचा धंदा चार-पाच वर्षांतच आटोपतो आणि त्यांची नावे कोणी लक्षात ठेवीत नाही. शरीराचा भर निसर्ग देतो आणि निसर्गच काढून घेतो, त्याला इलाज नाही. मधल्या काळात त्या शरीराची निगा कशी राखली जाते आणि नंतर त्याच्या ताटात काय पडते, हे मात्र माणसांनी ठरवावयाचे असते. बोस्टनच्या त्या बंद खोलीत वीस माणसांनी ते ठरविले, आणि बाहेर प्रेक्षक थोडा वेळ ताटकळत बसले, एवढीच काय ती त्याची किंमत.