गाडीच्या पोटांतील तारायंत्र

१ जानेवारी १८६५ रोजीं कसारा ते इगतपुरी हा थळ घाटांतील लोहमार्ग सुरू झाला. सदतिसांत एक असा तो चढ. जड आगगाडीला तेथें पुढचें इंजिन पुरत नाहीं. मागून रेटणारीं इंजिनें जोडावीं लागतात. रेल्वेचे लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढील व मागील चालकांना एकमेकांचें तोंड दिसत नाहीं, म्हणून शिटीचे संकेत ठरविण्यांत आले. पुढच्यानें थांबावें आणि मागच्यानें रेटीत राहावें, असें झालें तर डबे रुळांवरून उतरण्याचें भय. बळ पुरेसें असूनही निरोप चुकला कीं अनर्थ ओढवतो.

हाच प्रश्न पुढें मोटारगाडीच्या पोटांत शिरला. इगतपुरीस महिंद्रा कंपनीचा इंजिनांचा कारखाना आहे. जुन्या डिझेल इंजिनांत इंधन किती सोडावयाचें हें पंपाची यांत्रिक रचना ठरवी. आतां तें काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रण-पेटी करते. ब्रेकची पेटी निराळी, गिअरची निराळी. प्रत्येकीपासून प्रत्येकीपर्यंत तार नेली तर तारांचें रान माजेल. म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९८६ सालीं ‘कॅन’ नांवाची रीत जगापुढें मांडली. पिळलेल्या दोन तारांवर सर्व पेट्यांनीं बोलावें, आणि दोघी एकदम बोलूं लागल्या तर कमी महत्त्वाच्या निरोपानें माघार घ्यावी, असा तिचा नियम. १९९३ सालीं तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

हें संभाषण तुटलें कीं गाडी अडते, आणि दोष शोधणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. तपासणी-यंत्रावर ‘यू ०१००’ असा संकेत उमटला म्हणजे इंजिनाच्या पेटीशीं संपर्क तुटला, इतकाच त्याचा अर्थ. ही नोंद त्या पेटीनें केलेली नसते. ती शेजारणीची तक्रार असते. तेवढ्यावरून महागडी पेटी बदलणें म्हणजे साक्ष न घेतां शिक्षा देणें होय. पेटीला वीज पोंचते काय, फ्यूज शाबूत आहे काय, अर्थिंगची जोडणी गंजली आहे काय, हें आधीं पाहावें लागतें.

मग तारांची पाळी. त्यांच्या दोन टोकांना १२० ओमचा एकेक रोध बसविलेला असतो. बॅटरी सोडवून दोन्ही तारांमध्यें मोजल्यास सुमारें ६० ओम भरले पाहिजेत. १२० भरले तर एक टोक तुटलें आहे. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींस चिकटल्या आहेत.

यांत नवल कांहीं नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील तारखात्याचे अभियंतेही मैलोगणती पायपीट न करतां तारेचा रोध मोजून ती कोठें बिघडली तें ताडीत. पेटी नवी आहे, परंतु तिचें मौन ओळखण्याची विद्या जुनीच आहे. इगतपुरीहून घाट उतरणाऱ्या गाडींतील माणसांचा जीव त्या दोन बारीक तारांवरही अवलंबून असतो. तेव्हां मुक्या पेटीला दोषी ठरविण्यापूर्वीं तिच्यापर्यंतची वाट तपासणें, हेंच शहाणपणाचें.